संकल्पचित्राचे दाम

गेल्या पावसाळ्यातील एक संध्याकाळ. रोझरीची प्रार्थना आटोपून आम्ही धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर बसलो होतो. खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांस तो वर्णन करून सांगावयास नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांस वर्णनाने कळावयाचा नाही. अशा पावसात आमच्या धर्मग्रामातील एक पंचविशीचा तरुण छत्री मिटवीत आत आला. काखेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक वही होती. आम्हांस वाटले, लग्नाचे काही असेल, नाहीतर परदेशी जाण्यासाठी शिफारसपत्र हवे असेल. हल्ली तरुण मंडळी आमच्याकडे येतात ती बहुधा या दोन कामांसाठीच. परंतु तो म्हणाला, "फादर, एक हिशेब विचारायचा आहे. मी चित्राचे किती पैसे मागू?"

सेमिनरीत असताना आम्ही नीतिशास्त्र शिकलो. न्याय्य किंमत, न्याय्य वेतन, दुसऱ्याचे घेतलेले परत करण्याचे कर्तव्य, या सर्व प्रकरणांवर आम्ही परीक्षेत उत्तरे लिहिली आहेत आणि त्यांत बरे गुणही मिळविले आहेत. तथापि त्या संध्याकाळी एका तरुणाच्या साध्या प्रश्नाला आम्हांपाशी उत्तर नव्हते.

वाचकांपैकी पुष्कळांना या तरुणाचा धंदा ठाऊक नसेल, म्हणून दोन शब्द सांगतो. घर बांधावयाचे म्हणजे इंजिनिअर नकाशा काढून देतो. त्यात रेघा असतात, आकडे असतात. गवंड्याला तो वाचता येतो. घरधन्याला येतोच असे नाही. आपले घर उभे राहिल्यावर कसे दिसेल, जांभ्या दगडाच्या भिंतीवर मंगळुरी कौले शोभतील की सपाट स्लॅब, ओसरीत सकाळचे ऊन येईल की नाही, हे त्याला डोळ्यांनी पाहावयाचे असते. त्या रेघांवरून संगणकाच्या साहाय्याने उद्याच्या इमारतीचे हुबेहूब चित्र तयार करावयाचे, हा या मुलाचा धंदा. वर्तमानपत्रवाले त्याला संकल्पचित्र म्हणतात. गावात सगळे 'थ्री-डी' म्हणतात.

"बटण दाबले की चित्र निघते," असे लोकांना वाटते, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही तसेच वाटत होते. वस्तुतः आधी नकाशावरून प्रत्येक भिंत, खिडकी, पायरी संगणकात उभी करावी लागते. मग दगडाला दगडाचा पोत, लाकडाला लाकडाचा रंग, काचेला काचेची चकाकी द्यावयाची. सूर्य कोणत्या बाजूस आहे ते ठरवावयाचे. मग कोठे उभे राहून पाहावयाचे ते नेमावयाचे. एवढे झाल्यावर यंत्र तासन्‌तास उजेडाचा आणि सावलीचा हिशेब करीत बसते. त्यात मध्यरात्री वीज गेली आणि इन्व्हर्टरने दगा दिला, की ते काम पुन्हा पहिल्यापासून.

या मुलाचे वडील गवंडी आहेत. आमच्या भागातील कित्येक घरांच्या भिंती त्यांच्या हातच्या. आता त्यांचे गुडघे धरले आहेत आणि परांचीवर चढणे बंद झाले आहे. घरात मिळवता हात एवढा एकच. आईने आखातातील एका नातलगाकडे त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. तेथील एका गोदामात जागा होती. मुलाला जावयाचे नव्हते. आखाताला होय म्हणावे की नाही, हा खरा प्रश्न त्या वहीत गुंडाळलेला होता.

"आजपर्यंत तू किती मागत होतास?" आम्ही विचारले.

"मागत नव्हतो, फादर. जो देईल ते घेत होतो."

बेळगावातील एक बांधकाम व्यावसायिक त्याला एका चित्राचे १,५०० रुपये देत असे. कामाच्या आधी भाव ठरलेला नसे. चित्र झाल्यावर फेरबदल सुरू होत. खिडकी मोठी कर, रंग बदल, पुढे एक मोटार उभी कर, ती मोटार काढ. त्या फेरबदलांचे पैसे कोणी देत नसे आणि हाही मागत नसे. मागावयास लाज वाटे.

मग त्याने वही उघडली. गेले वर्षभर त्याने प्रत्येक कामाचे तास लिहून ठेवले होते. एका पानावर एक काम, खाली तासांची बेरीज आणि तिच्यापुढे मिळालेली रक्कम. आम्ही पाने उलटीत गेलो. एका पानावर आमच्या चर्चचे नाव होते.

वाचकहो, तेथे आम्ही थांबलो. चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत एक सभागृह बांधावे, असे आमच्या धर्मग्रामाच्या मनात आहे. त्यासाठी देणग्या मागावयाच्या, तर लोकांपुढे काही चित्र हवे. आम्ही या मुलाला बोलावून म्हटले होते, "देवाचे काम आहे, एक चित्र करून दे." त्याने दिले. मग आम्ही म्हटले, छप्पर उतरते हवे. मग म्हटले, समोर पडवी हवी. मग क्रूस जरा उंच. मग क्रूस जरा खाली. असे नऊ वेळा झाले. त्या पानावर तारखा होत्या, फेरबदल होते, एकूण तास होते ४६, आणि रकमेच्या जागी शून्य. त्या शून्याखाली त्याने तक्रारीचा एक शब्दही लिहिला नव्हता.

आम्ही विषय बदलावयास पाहिला, परंतु जमले नाही. शेवटी आम्ही त्याला म्हणालो, "उद्या वडिलांना घेऊन ये. आपण तिघे बसून हिशेब करू."

दुसऱ्या दिवशी बाप-लेक आले. मेस्त्री म्हणाले, "फादर, गवंड्याची हजेरी साऱ्या गावाला ठाऊक असते. घरधनी ती विचारूनच कामाला लावतो. याची हजेरी किती ते यालाच ठाऊक नाही, तर गिऱ्हाइकाला कशी कळावी?" आमच्या सेमिनरीतील अनेक व्याख्यानांपेक्षा हे वाक्य कामाचे होते. आम्ही कागद पुढे ओढला आणि त्याची हजेरी शोधावयास बसलो.

संगणक १,२०,००० रुपयांचा. अशा कामाला तो चार वर्षे नीट चालेल. म्हणजे महिन्याला २,५०० रुपये त्याच्या झिजेचे. वीज, इन्व्हर्टर आणि इंटरनेट मिळून २,०००. 'ब्लेंडर' नावाची प्रणाली फुकट मिळते आणि ती तो वापरतो. परंतु गिऱ्हाइकांना लागणाऱ्या इतर प्रणालींचे भाडे भरावे लागते, ते ३,०००. बेळगावच्या खेपा आणि छपाई १,०००. असे धंद्याच्या खर्चाचे ८,५०० झाले. घरखर्चाला, तोही काटकसरीचा, २०,०००. आजारपणासाठी आणि पुढच्या संगणकासाठी बाजूला टाकावयाचे ३,५००. एकूण ३२,००० रुपये.

महिन्याचे तास किती? मुलगा म्हणाला, पंचवीस दिवस आणि रोजचे आठ तास, म्हणजे २००. त्यावर मेस्त्रींनी मान हलविली. "पावसात बसून राहिलेले दिवस गवंडी हजेरीत धरत नाही," ते म्हणाले. वही पुन्हा पाहिली. गिऱ्हाइकांशी बोलणे, खेपा घालणे, नवे काही शिकणे, कामाची वाट पाहणे, यांत निम्मे तास जात होते. पैसे मिळतील असे तास १०० च होते. ३२,००० ला १०० नी भागले. तासाला ३२० रुपये. २०० नी भागले असते तर १६० आले असते, आणि महिनाअखेर निम्मे घर उपाशी राहिले असते.

आता मागील हिशेब पाहिला. व्यावसायिकाच्या एका चित्राला फेरबदलांसह २० तास लागत. १,५०० रुपयांना २० नी भागले तर तासाला ७५ रुपये. धंद्याचा खर्चच तासाला ८५ रुपये होता. म्हणजे रात्ररात्र जागून हा मुलगा प्रत्येक तासाला दहा रुपये पदरचे घालीत होता. तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. मेस्त्री काही बोलले नाहीत.

कोणी म्हणेल, त्याने १,५०० रुपये राजीखुशीने घेतले, मग अन्याय कोठला? या प्रश्नाला पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये आपल्या श्रमिकांविषयीच्या परिपत्रकात उत्तर दिलेले आहे. केवळ दोघांच्या संमतीने वेतन न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामकऱ्याचे त्यात भागले पाहिजे. आणि गरजेपोटी किंवा भीतीपोटी कमी वेतन पत्करावे लागले, तर तेथे त्याच्यावर जबरदस्तीच झालेली असते, असे त्यांचे सांगणे आहे. संगणकावर काम करणारा कामकरी त्या काळी नव्हता, परंतु गरज आणि भीती त्या काळीही होती.

मुलाने आणखी एक गोष्ट विचारली. "फादर, एका चित्रावर तो व्यावसायिक चाळीस सदनिका विकतो. त्याच्याकडून दसपट घेऊ का?" शहरात असा भाव सांगणारे आहेत, हे त्याने ऐकले होते. येथे आम्हांस संत थॉमस अक्वायनस यांची आठवण झाली. तेराव्या शतकात त्यांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यांच्या मते, वस्तू देताना विकणाऱ्याचे नुकसान होत असेल तर ते त्याने किमतीत धरावे. परंतु घेणाऱ्याला विशेष लाभ होतो एवढ्याच कारणाने भाव वाढवू नये, कारण तो लाभ विकणाऱ्याच्या मालकीचा नव्हे. घेणाऱ्याने आपखुषीने अधिक दिले तर गोष्ट वेगळी. आम्ही त्याला सांगितले, "तो श्रीमंत आहे म्हणून अधिक घेऊ नकोस. त्याला घाई आहे, रात्री जागावे लागते, चित्र मोठ्या फलकासाठी बारकाईने करावे लागते, दुसरे काम सोडावे लागते, या गोष्टींचे मात्र अवश्य घे. आणि जे बांधणार नाहीत ते चित्रात दाखवू नकोस. बागेची जागा नसताना बाग काढलीस, तर ती पाहून कोणीतरी आयुष्याची पुंजी गुंतवील." स्थावर मालमत्तेच्या २०१६ च्या कायद्याने खोट्या जाहिरातीस भुललेल्या ग्राहकाला भरपाईचा हक्क दिला आहे, हेही आम्ही त्यास सांगितले.

शिकण्यात गेलेल्या वर्षांचे काय, हा प्रश्न राहिला होता. १८७८ मध्ये लंडनच्या न्यायालयात व्हिसलर नावाच्या चित्रकाराला वकिलाने विचारले होते की, दोन दिवसांच्या कामाचे २०० गिनी मागता काय? आयुष्यभर मिळविलेल्या ज्ञानाचे ते दाम आहेत, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. तो खटला त्याने जिंकला खरा, परंतु भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. आणि पुढच्या वर्षी त्याचे दिवाळे निघाले. इमारतींची संकल्पचित्रे काढणाऱ्यांत इंग्लंडमधील जोसेफ गँडी (१७७१-१८४३) याचे नाव फार मोठे. सर जॉन सोन या वास्तुविशारदाच्या इमारती लोकांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या त्या गँडीच्या कुंचल्याने. सोन यांचे साहाय्य असूनही गँडीला कर्जापायी तुरुंग पाहावा लागला आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात त्याचे प्राण गेले. या गोष्टी आम्ही मुलाला घाबरविण्यासाठी सांगितल्या नाहीत. हातात कला असली म्हणून हिशेब आपोआप जुळत नाही, एवढेच त्याला दाखवावयाचे होते. शिकलेला हात सोळा तासांत जे करतो ते शिकाऊ हात चाळीस तासांत करील. तेव्हा हात जसा तयार होईल, तसा तासाचा दर वाढविणे हे लोभाचे लक्षण नव्हे.

त्या दिवशी तिघांनी मिळून एक पान तयार केले. घराच्या बाहेरच्या एका चित्राला १६ तास, म्हणून ५,१२० रुपये. त्याच घराचे दुसऱ्या बाजूचे चित्र हवे असल्यास पुष्कळ कमी, कारण घर संगणकात उभे झालेलेच असते. दोन वेळचे फेरबदल त्याच किमतीत, तिसऱ्यापासून तासाप्रमाणे. निम्मे पैसे काम हाती घेताना. पाहण्यासाठी लहान आकाराचे चित्र आधी. छापण्याजोगे मोठे चित्र उरलेले पैसे मिळाल्यावर. कोणाला सवलत द्यावीशी वाटली तर देयकावर पूर्ण रक्कम लिहावयाची आणि खाली सवलत दाखवावयाची, म्हणजे घेणाऱ्याला काय मिळाले ते कळेल. मुलाने हे पान मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून काढले.

वही मिटताना आम्ही म्हणालो, "आता आमच्या पानाचे देयक कर." तो खाली पाहू लागला. मेस्त्री म्हणाले, "असू द्या फादर, देवाचे काम आहे." हे आमचेच शब्द होते. परंतु ते त्यांच्या तोंडून देणगी म्हणून आले होते, आणि आमच्या तोंडून मागणी म्हणून गेले होते. धर्मगुरूने मागितल्यावर नाही म्हणणे गावातल्या मुलाला शक्य नसते, हे आम्हांस ठाऊक असावयास हवे होते. चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्यांनी कामकऱ्यांना न्याय्य व पुरेसे वेतन द्यावे, असे धर्मसंहितेच्या १२८६ व्या कलमात आहे, आणि ते कलम आम्ही पूर्वी दुसऱ्यांना वाचून दाखविले आहे.

४६ तासांचे १४,७२० रुपये झाले. आम्ही ते देयक धर्मग्रामाच्या अर्थसमितीपुढे ठेवले. चर्चा बरीच झाली. एक वडीलधारे सभासद म्हणाले, "चर्चच्या कामाला पोराने पैसे मागावे?" आम्ही सांगितले की पोराने मागितले नाहीत, आम्ही मागविले; आणि नऊ वेळा फेरबदल करविण्याचा दोष समितीचा नव्हे, आमचा आहे. मग दुसरे एक सभासद म्हणाले, "सभागृहाच्या वाळूवाल्याला आपण पैसे देणार की नाही?" त्यावर कोणी बोलले नाही. १४,७२० रुपये दोन हप्त्यांत देण्याचे ठरले. दुसरा हप्ता मिळाल्यावर तो मुलगा आमच्याकडे आला आणि त्यातले ४,७२० रुपये सभागृहासाठी देऊन गेला. देणगीदारांच्या यादीत आता त्याचे नाव आहे आणि नावापुढे आकडा आहे.

पुढे सर्व सुरळीत झाले असे लिहिता आले असते तर आम्हांस आनंद झाला असता. बेळगावच्या व्यावसायिकाने नवा दर ऐकला आणि तो पुन्हा आला नाही. तो आठवडा त्या घरात फार जड गेला. मुलाच्या आईने आम्हांस वाटेत गाठून विचारले, "फादर, तुम्हीच सांगितलेत ना असे मागायला?" आम्ही होय म्हणालो. नंतर खानापूरच्या एका इंजिनिअरने ते पान वाचले, दोन शंका विचारल्या आणि काम दिले. त्याच्यामागून आणखी दोन गिऱ्हाइके आली. पूर्वी हातात येणाऱ्या पैशांतून धंद्याचा खर्चही भागत नसे. गेल्या महिन्यात ६० तासांचेच काम मिळाले, परंतु १९,२०० रुपये आले, आणि खर्च जाऊन १०,७०० उरले. घराला २०,००० लागतात. म्हणजे अजून अर्धी वाट चालावयाची आहे. आखातातील जागेला त्याने अद्याप नकार कळविलेला नाही; नाताळपर्यंत मुदत मागितली आहे. आम्ही त्याला जा म्हणत नाही आणि राहा म्हणत नाही. तो आता हिशेब पाहून ठरवील, एवढे समाधान आहे.

सभागृहाचे चित्र चर्चच्या दारापाशी लावले आहे. क्रूस पहिल्या चित्रात जेथे होता तेथेच शेवटी आला आहे.

वाचकहो, आपल्या गावातही असे कोणी असेल. लग्नात ऑर्गन वाजविणारा मुलगा, सणाला माईक लावणारा, वेदीचे पडदे शिवून देणारी बाई, शेजाऱ्यांचे अर्ज संगणकावर भरून देणारी मुलगी. त्यांना काम सांगण्याआधी, "याचे किती होतील?" एवढे आपण विचारावे. त्यांना फुकट द्यावयाचे असेल तर ते देतील, आणि ते खुशाल घ्यावे. परंतु विचारावयाचे आपण. त्यांच्या वहीत एखाद्या पानावर आपले नाव आणि पुढे शून्य असेल, तर आम्ही आमचे पान जसे उघडून पाहिले तसे आपणही एकदा पाहावे, ही विनंती.